फक्त

‘बांधायला फक्त तीन ओळी.’
हे मीच लिहून ठेवलेलं, नऊ वर्षांपूर्वी,
अंबडच्या शेडमध्ये, वीज गेलेल्या एका रात्रपाळीला.
प्रोग्रामचं नाव कातारी.
त्याला नकाशा द्या, तो लेथला कळेल असं बोलतो.
सोर्स सगळ्यांना खुला.
दार उघडं ठेवलं की माणसं येतात, एवढीच माझी समज.

नऊ वर्षांत चौघे आत आले.
चौघांनाही आधीपासून वाट माहीत होती.

हेमलता बेंडकोळी हर्सूलची,
सातपूरच्या आयटीआयला, टर्नर.
लॅपटॉप मामेभावाचा, एक कळ निखळलेली,
तिथे खालचं रबर नखानं दाबायचं.
म्हणाली, सर, तीन दिवस झाले, बांधलं जात नाहीये,
माझंच काहीतरी चुकत असणार.

बस, म्हणालो. फक्त तीन ओळी तर आहेत.
आणि ठरवलं, आपण बोलायचं नाही.
हात मांडीखाली दाबून बसलो,
नाहीतर ते कीबोर्डकडे जातात.

पहिलीच ओळ. लाल अक्षरं.
अमुक फाईल सापडत नाही.
ती माझ्याकडे बघते, मी चहाकडे.

माझ्या मशीनवर ती फाईल कुठून आली?
आठवेना. मग आठवलं:
पोराला कांजिण्या आल्या होत्या त्या आठवड्यात
रात्री अडीचला कुठूनतरी उतरवलेली एक लायब्ररी.
पोरगं आता मिशा कोरतं.
ती लायब्ररी अजून गपचूप चालते आहे,
आणि जे चालतं ते आपल्याला दिसत नाही.

रविवार कारंजावर पत्ता विचारा,
आम्ही सांगतो, थेटरापासून डावीकडे.
थेटर पाडून जमाना झाला.
नवा माणूस उन्हात थेटर शोधत फिरतो
आणि शेवटी स्वतःलाच मूर्ख म्हणतो.

संध्याकाळपर्यंत ती सतरा ठिकाणी अडली.
जॉबकार्डच्या पाठीवर मी रेघा ओढत होतो.
अकराव्याला तिनं लॅपटॉप मिटला, परत उघडला.
बाराव्याला माझ्याकडे न बघताच पुढे गेली,
कशी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

रज्जाकभाईंनी मला लेथवर उभं केलं
तेव्हा पहिले आठ दिवस फक्त किस झाडायला लावला होता.
नवव्या दिवशी माझा हात चाकावर, त्यांचा हात माझ्या हातावर:
किती फिरलं ते बोटाला कळू दे.
त्यांच्या तोंडचं ‘फक्त’ वेगळं होतं.
त्याच्यात आठ दिवस होते.

त्या रात्री भंगार बाजारातून आणलेला एक डबा
पुसून कोरा केला. त्यात माझं काहीच ठेवलं नाही.
आणि माझ्याच सूचना, अक्षर न अक्षर, पाळत गेलो.
पहिल्याच ओळीला आपटलो.
स्वतःच्या दारात उभा, आणि बेल कुठे आहे ते ठाऊक नाही.

दोन महिने नवं काही केलं नाही.
काय नाही ते आधीच सांगेल, आणि कुठून आणायचं तेही,
असं एक छोटं फर्मान लिहिलं.
सतरातल्या तेरा रेघा खोडल्या.
चार अजून आहेत. एक तर मलाही समजत नाही,
तसं लिहून टाकलं: हे मलाही समजत नाही.
‘फक्त’ सगळीकडून काढला.
शोधलं तर एकतीस निघाले.

डिसेंबरात ती परत आली. शेडचा पत्रा गारठलेला.
तिनं चालवलं, अक्षरं धावू लागली,
पंखा घरघरला, लॅपटॉप तापला,
आणि ती दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवून
शेकत बसली, बावीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी तिचा पहिला बदल आला.
प्रोग्रामला तिनं हात लावला नव्हता.
सूचनांच्या फाईलमध्ये, सातव्या ओळीखाली, एवढंच:

इथे वेळ लागतो.
पंखा जोरात फिरेल.
काही बिघडलेलं नाही, थांबा.